पत्र्यावर टेकलेला पाय

"गोणी हो, गोणी!" मी मागच्या सीटवर बसलो की तो मान न वळवता म्हणायचा. "गोणी घाबरत नाही, गोणी उलट्या बाजूला झुकत नाही. गाडी वाकेल तसं वाकायचं, बस्स."

माजिवड्याहून मानपाड्याच्या कारखान्यापर्यंत मी कित्येक वर्षं त्याच्या मागे बसून गेलो. तो डिस्पॅचमध्ये, मी स्टोअरमध्ये. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे गोणी होणं मला जमायचं. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल: पोट सुटलेलं, केस विरळ, आणि बुडाखाली मात्र अशी धूड गाडी, की ती स्टँडवरून काढताना बघणाऱ्याच्या कंबरेत कळ यावी.

पावसाळ्यात तो रस्त्याशी भांडत जायचा. हेल्मेटमधून अखंड बडबड. "हा पांढरा पट्टा बघ, साबण आहे साबण. हे गटाराचं झाकण, इथे वळायचं नाही, सरळ जायचं. डिझेलचा वास आला का? पुढे टँकर सांडत गेलाय." सिग्नलला थांबताना आधी बुटाचा तळ रस्त्यावर घासून बघायचा, मगच वजन टाकायचा. मागून हॉर्न वाजले की म्हणायचा, "वाजवा, वाजवा. तुमची पडली तर उचलाल. माझी पडली तर क्रेन लागेल."

ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक तो दोनच बोटांनी दाबायचा, झोपलेल्या लेकराच्या गालाला हात लावावा तसा. त्या हाताचा त्याला भारी अभिमान.

गेल्या पावसाळ्यात पुलाखाली रस्ता खणून वर लोखंडी पत्रे टाकले होते. त्यावर चिखल, आणि वरून भुरभुर. "आता हलू नकोस हं," तो म्हणाला. चालत जावं इतक्या हळू आम्ही पत्र्यावर चढलो. मागचं चाक जरासं सरकलं. जरासंच. आधीही असं व्हायचं, आणि तो गाडीला सरकू द्यायचा, मग ती आपोआप सावरायची. त्या दिवशी मला ते सोसलं नाही. मी डावा पाय खाली टेकवला आणि त्याचा खांदा धरून ओढला. गाडी डावीकडे गेली. मी सुटलो. त्याचा घोटा खाली सापडला.

दवाखान्यात वहिनींनी मला विचारलं, "भावोजी, झालं तरी काय?" मी तोंड उघडण्याआधी तोच खाटेवरून म्हणाला, "ब्रेक जास्त दाबला गेला माझ्याकडून. हात गेला माझा."

मी म्हणालो, "पत्रा फार निसरडा होता."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते इतके दिवस टिकलं.

घोटा जुळला. हात काही जुळेना. आम्ही कंपनीच्या बसने जायला लागलो. तो खिडकीशी बसून उजव्या हाताची बोटं मिटायचा, उघडायचा. चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागला. मध्येच विचारायचा, "तुला जाणवलं का रे, मी दाबला तेव्हा?"

"लक्ष नव्हतं," मी म्हणायचो.

एका सकाळी तो म्हणाला, "रविवारी टिटवाळ्याहून गिऱ्हाईक येतंय. ही म्हणते, हातावर भरवसा नाही तर गाडी कशाला ठेवायची? बरोबरच आहे तिचं."

रविवारी गिऱ्हाईक यायच्या आधी मी त्याच्या बिल्डिंगखाली गेलो. तो टाकी पुसत होता. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं, "तू ब्रेक दाबला नव्हतास. मी पाय टेकवला. तुला ओढलं पण मीच."

फडकं थांबलं. मला वाटलं, आता मारेल.

"बस मागे," तो म्हणाला.

"काय?"

"बस. दाखव मला."

स्टँडवरच्या गाडीवर आम्ही दोघं बसलो. "कुठला पाय?" "डावा." "आधी पाय, का आधी गाडी कलली?" "आधी पाय." "ओढलंस कुठे? तेवढ्याच जोरात ओढ."

मी ओढलं. त्याचं सगळं अंग डावीकडे गेलं, हँडल वळलं. त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला.

"अगं ए!" तो जिन्याकडे बघून ओरडला. "हात ठीक आहे माझा! त्या माणसाला फोन कर, येऊ नको म्हणावं!"

तो हसत होता, आणि त्याच फडक्याने डोळे पुसत होता. वहिनी खाली आल्या, म्हणाल्या, "अहो, तोंडाला काळं लागलं सगळं." मीही हसलो. तेव्हा त्याला आठवलं, की मी मागे बसलोय.

"बसमध्ये माझ्या शेजारी बसून रोज बघत होतास ना माझा हात?"

"हो."

"उतर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

आता मी बससाठी एकटाच उभा असतो. पुलाखालचे पत्रे अजून तिथेच आहेत, स्टॉपवरून दिसतात. परवा पाऊस असताना तो आला. पत्र्यावर चढताना चाक सरकलं, त्याने सरकू दिलं, आणि गाडी सावरली. स्टॉपवर उभ्याउभ्या माझ्या डाव्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं असेल, नसेल. हेल्मेटच्या काचेतून कळत नाही. तो पुढे निघून गेला. मागच्या सीटखालचे दोन्ही फूटरेस्ट वर दुमडलेले होते.