केस पुढे घे गं

लेकीच्या कानांचं ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं. कान बाहेर आलेत ते मागे वळवून घ्यायचे, दिसायला बरं म्हणून. हट्ट तिचाच. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यादी दिलेली: रक्त तपासा, आदल्या दिवशी केस धुवा, येताना पुढून बटणं असलेला शर्ट घाला, डोक्यातून काढायला नको. मी यादीवाली बाई. शर्ट इस्त्री करून तयार ठेवलेला.

राहिले होते फक्त ऑपरेशनआधीचे फोटो. त्यासाठी डोंबिवलीहून ठाण्याला गेलो. डॉक्टर म्हणाल्या, "केस मागे घट्ट बांधा, कान पूर्ण दिसू देत." कंगवा मी घेतला. इतकी वर्षं मीच तर विंचरलंय.

डॉक्टर कॅमेरा घेऊन आल्या आणि हसल्या. "अहो आई, कान कुठायत?"

बघते तर काय, दोन्ही बाजूंची एकेक बट ओढून मी कानांवर चापून बसवलेली! वर पिनाही लावलेल्या. देवाशप्पथ, मला पत्ताच नव्हता. लेक हसली नाही. तिने गुपचूप पिना काढल्या.

ती तान्ही असताना सासूबाई बजावायच्या, "टोपडं घट्ट बांध, नाहीतर कान बाहेर येतील." उकाड्यात पोर किंचाळायची, मी सोडून टाकायचे. पुढे कोणी तिच्या कानांकडे नुसतं बघितलं तरी वाटायचं, मलाच नावं ठेवतायत. मग काय, शाळेत निघाली, हळदीकुंकवाला निघाली, पाहुणे आले, की माझं आपलं सुरू: "केस पुढे घे गं."

फोटो झाल्यावर बाहेर बाकावर बसलो. मी विचारलं, "शाळेत फार चिडवायचे का गं तुला?"

"छे. कोणाचं लक्षही नसायचं." मग पिना माझ्या पर्समध्ये टाकत म्हणाली, "तूच काय ती."

रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कधी कमी पडले नाही. पण ती साधंच बोलली. मी तिचा हात धरला.

"नको करूस ऑपरेशन. मी आत जाऊन सांगते त्यांना. छान आहेत गं तुझे कान. खरंच छान आहेत."

तेवीस वर्षांत हे मी पहिल्यांदा म्हणत होते. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता नको ना अडवूस, आई," ती म्हणाली. "आता मलाही नाही आवडत माझे कान."