रुद्राणीचे कट-सीन

माजलगावात मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मन्मथप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. अप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांची मुलगी रुद्राणी पुण्यात नोकरीला होती. ती महिनाभरासाठी म्हणून आली आणि राहिलीच. त्याला आता सात वर्षं झाली. लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरायचं मशीन तीच चालवते. अक्षर इतकं सुबक, की गेवराईकडची माणसंही नाव कोरायला तिच्याकडे येतात.

पुण्याहून येताना तिनं एक वेड मात्र सोबत आणलं होतं. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं. "मी दार उघडतो," म्हटलं की दार उघडलं. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून, पातेल्यांच्या उतरंडीमागे हा खेळ चालायचा. गोष्ट सांगणारी अर्थात रुद्राणी.

खेळणारे तिघं. लॅबमध्ये रक्त तपासणारी तेजश्री, मोटारसायकली दुरुस्त करणारा पप्पू आणि एसटीतले कंडक्टर आसारामकाका. काका पोरीच्या रुखवताची भांडी कोरून घ्यायला आले होते. टेबलावरचा फासा उचलून म्हणाले, "ह्ये काय इपरित हाय?" रुद्राणीनं समजावून सांगितलं आणि पुढच्या रविवारी ते डबा घेऊन हजर झाले.

रुद्राणीला सगळ्यात जास्त आवडायचे ते कट-सीन. म्हणजे खेळ मध्येच थांबवून ती एखादा प्रसंग वाचून दाखवायची. दूर डोंगरापलीकडे राजा काय कट शिजवतोय किंवा गावात आग कशी लागली, असलं काही. त्या वेळी खेळणाऱ्यांनी नुसतं ऐकायचं. आठवडाभर गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती हे प्रसंग लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. सुंदर लिहायची. पप्पू मात्र चुळबुळ करायचा.

"ताई, मोबाईलमधी कट-सीन आला की मी स्किप दाबतो. इथं बटनच न्हाई."

"ऐक की जरा गप," तेजश्री त्याला दटावायची, पण जांभई तिलाही यायची.

एका रविवारी रुद्राणीनं तीन पानांचा कट-सीन आणला. गोष्टीतल्या राजानं नदी अडवली होती आणि एक गाव बुडणार होतं. माजलगावच्या धरणात गेलेल्या गावांच्या हकिकती तिनं गल्ल्यावर बसून कितीदा ऐकल्या होत्या. त्यातलीच एक तिनं घेतली. ती वाचू लागली: पाणी वेशीपर्यंत आलंय. तुम्ही तिघं शेवटच्या नावेत बसला आहात. एक म्हातारी आपल्या ओट्यावर बसून आहे, ती उठायला तयार नाही. नाव सुटते...

"मी उतरतो," आसारामकाका म्हणाले.

"काका, हा कट-सीन आहे. इथं काही करता येत नाही."

"कावून?"

"तसंच लिहिलंय."

"म्या नावंत हाय ना? मंग मला उतरता यायला पायजे."

"पुढं ऐका तरी," म्हणून रुद्राणी वाचत राहिली. पान उलटून तिनं वर पाहिलं, तेव्हा काका डबा पिशवीत घालत होते. शटरखालून वाकून ते निघून गेले.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. फोनही उचलला नाही. तेव्हा रुद्राणीनं अप्पांना गल्ल्यावर बसवलं, ती स्टँडवर गेली आणि काकांच्याच बीडच्या गाडीत चढली. सगळी तिकिटं फाडून झाल्यावर काका तिच्या शेजारी येऊन बसले.

"ती म्हातारी कोन हाय, ठाव हाय का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. दुकानात कुणीतरी सांगितलं होतं."

"बायनाबाई. आमच्या शेजारची. म्या सहावीत होतो. समदं सामान ट्रॅक्टरमधी भरलतं अन् ती ओट्यावर बसून ऱ्हायली. एकटीच होती बिचारी. आमच्या बानं सांगितलं, पुढं बघा, मागं बघायचं न्हाई. म्या पुढं बघितलं."

"मग तिचं काय झालं?"

"काय हुतंय? दुसऱ्या खेपंला आली. नव्या गावठाणात धा वर्सं जगली. पर आमच्या घरच्यांशी बोलली न्हाई कदी. मला उतरायचं व्हतं, रुद्राणी. तवा कुनी इचारलं न्हाई. अन् तू बी तसंच म्हनलीस, लिवलंय म्हून."

"चुकलं माझं, काका," रुद्राणी म्हणाली. बीडला उतरून ती परतीच्या गाडीत बसली आणि त्या गाडीतच तिनं तीन पानांवर काट मारली. खाली दोन ओळी लिहिल्या: पाणी थांबणार नाही. म्हातारी नावेत बसणार नाही. बाकी काहीच लिहिलं नाही.

रविवारी काका आले. रुद्राणीनं त्या दोन ओळी वाचल्या आणि तिघांकडे पाहिलं. "एवढंच ठरलेलं आहे. आता तुम्ही काय करता?"

पप्पूनं नाव लिंबाला बांधायचं ठरवलं. फाशावर तीन पडला आणि दोर तुटला. तेजश्री वल्हं मारून नाव काठाशी धरू लागली. काका म्हणाले, "म्या उतरतो. तिच्यापशी जाऊन बसतो."

रुद्राणी आता ओट्यावरची म्हातारी झाली. "कशाला आलास?"

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते म्हणाले, "च्या हाय का?"

"दूध न्हाई."

"कोरा चालंल."

तेजश्रीला हसू फुटलं, मग काकांनाही. हसता हसताच त्यांनी टोपीनं डोळे पुसले. पप्पूनं तेवढ्यात विचारलं, "दुसरी नाव येती का न्हाई? फासा टाका, काका."

"न्हाई टाकायचा. मला बघायचंच न्हाई. आमाला च्या पिऊ द्या बे."

ओट्यावरच्या त्या दोघांचं पुढं काय झालं, हे गोष्टीत कधी ठरलं नाही. पुढच्या रविवारी काकांनी नवं पात्र घेतलं, एका फाटक्या तोंडाच्या नावाड्याचं.

रुद्राणी कट-सीन अजून लिहिते, पण चारपाच ओळींत आटोपते. शेवटी थांबून विचारते, कुणाला मधे काही करायचंय का. कधी कुणी काही करत नाही, कधी तिची आखलेली सगळी गोष्टच उलटीपालटी होते आणि मग तिला जागच्या जागी नवी जुळवावी लागते. ते तिला अवघड जातं, पण तक्रार नाही.

मागच्या महिन्यात भर दुपारी ती एका कळशीवर नाव कोरत असताना काकांचा फोन आला. ते गेवराईच्या स्टँडवर होते, गाडी पंक्चर झाली होती.

"दोन डायवर अन् एक मेकॅनिक बसलेत इथं. त्यास्नी खेळ दाखवतो म्हनलोय. सुरुवात कशी करू?"

"एखादी जागा सांगा," रुद्राणी म्हणाली. "अन् तिथं ते काय करतात ते विचारा."

"जागा कोन्ती?"

ती सांगणार तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "म्या घोडा घेनार, मास्तर!" आणि काका फोन तसाच चालू ठेवून त्याच्याशी भांडायला लागले.