आत्याचा रविवार

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्यावरून कुणाबद्दल लिहायचा अधिकार मिळतो असं मला वाटत नाही. चुकलं तर माफ करावं. पण आत्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही.

आत्या उभी राहिली की डुलायची. हात रिकामे असले तरी. शिंदे की छावनीच्या बाजारात भाजी घेतानाही तिचा तोल या पायावरून त्या पायावर हलके जात राहायचा, जणू कडेवर कुणी पेंगतंय. दर्पण कॉलनीतल्या एका घरी राहून ती मुलं सांभाळायची. आधी थोरला, मग मिनू. नऊ वर्षं झाली होती.

सुट्टी महिन्यातून एकदा, तीही मिळाली तर. आई चिडायची, "वन्सं, रविवारी तरी येत जा की!"

"लेकराला रविवार कळतो का गं?" आत्या हसून म्हणायची.

एकदा तिला दुसऱ्या घरून दुप्पट पगाराचं बोलावणं आलं. मिनूला गोवर निघाला होता, म्हणून ती गेली नाही. पण नंतर मला म्हणाली, "तू शिकलेला. बाईंना लिहून दे. रविवार मोकळा, आणि पगार वाढवून. भीक मागतोय असं वाटू नये हां."

मी तीनदा खोडून अर्ज लिहिला आणि घेऊन गेलो. बाईंनी मला खुर्ची दिली, आत्याच्या हातचा चहा दिला, कॉलेजची चौकशी केली. म्हणाल्या, "तुझी आत्या नोकर थोडीच आहे? घरचीच आहे ती." मला इतकं बरं वाटलं, की कागद खिशातच राहिला. आत्या दाराशी डुलत उभी होती. मला फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "चहात साखर बरोबर होती ना रे?"

गेल्या हिवाळ्यात ताप अंगावर काढून काढून ती गेली. अर्ज अजून माझ्या वहीत आहे.

परवा दौलतगंजात एका दुकानाच्या पायरीवर मिनू दिसली. तिची आई आत खरेदी करत होती.

"दादा, हमारी नई दीदी आई है! ती संडेला आपल्या घरी जाते. मम्मी म्हणते, छुट्टी आणि जास्त पैसे नाही दिले तर कोणी टिकतच नाही."

मग थोडा विचार करून म्हणाली, "आत्याला छुट्टी आवडतच नव्हती ना?"