खुर्चीभोवतीचं वर्तुळ

पाढेबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते मनातून आवडायचंही. तिसरीच्या त्यांच्या वर्गात रोज सकाळी पाढ्यांचा असा गजर व्हायचा, की रस्त्यानं जाणारा सायकलवालासुद्धा एखादा आकडा मनाशी पुटपुटत जायचा. एकट्यादुकट्या मुलाला बाई फारशा उठवत नसत. म्हणायचं ते सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं, आणि उत्तर द्यायचं ते पूर्ण वाक्यात. "मान काय हलवतोस? तोंड घरी ठेवून आलास का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"एकत्र घोकल्याशिवाय पाया पक्का होत नाही," असं त्या हेडसरांना सांगायच्या. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाईंना कमी ऐकू येत होतं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला की कळायचं; एकटं पोर बोललं की ओठ बघून अंदाज बांधायचा, आणि तोही जमला नाही तर "शाबास, बस खाली" म्हणून वेळ मारून न्यायची. घरी त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला की नवरा गुपचूप उठून दुसऱ्या खोलीत जायचा. शाळेत हे कळलं तर वर्ग काढून घेतील आणि वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवतील, या विचारानंच त्या पाढे आणखी मोठ्यानं म्हणवून घ्यायच्या.

त्यात शेजारच्या चौथीला नवे सर आले. त्यांचं सगळंच उफराटं. पुस्तक मिटायचं आणि मुलांनाच प्रश्न काढायला लावायचे. या वेळी मुलांनी काढला, "आपल्या शाळेत आवाज कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही?" झालं! एवढ्या एका प्रश्नावर विज्ञान, गणित, भाषा, चित्रकला, सगळ्यांची गाडी जोडलेली. कोणी जिन्यात उभं राहून डब्याचं झाकण पळीनं बडवतंय, कोणी दोरीनं अंतर मोजून त्याचे आलेख काढतंय, कोणी शिपाईमामांना पकडून विचारतंय की घंटा पूर्वी कुठे टांगलेली असायची. व्हरांड्यात शाळेचा मोठा नकाशा लावलेला. गोंगाट तिथे लाल रंग, शांत तिथे निळा.

बाईंनी नकाशात आधी आपला वर्ग शोधला. तो कोराच होता. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अख्ख्या शाळेला रंग लागला, मग माझ्याच वर्गाला का नाही?

मधल्या सुट्टीनंतर त्यांना फरशीवर खडूच्या फुल्या दिसल्या. बाकांजवळ, दाराशी, खिडकीखाली. आणि त्यांच्या खुर्चीभोवती एक मोठं वर्तुळ. त्यांनी ते चपलेनं पुसलं. दुसऱ्या दिवशी वर्तुळ परत हजर. एकदा त्या सहज मागे वळल्या, तर दारात हातात झाकण आणि पळी घेऊन भिंगरी उभी. भिंगरी म्हणजे गेल्या वर्षीची त्यांचीच विद्यार्थिनी, क्षणभर एका जागी न ठरणारी. कधीपासून वाजवत होती कोण जाणे. नजरानजर होताच तिनं धूम ठोकली.

आता बाईंची खात्री पटली की कुठेतरी पाणी मुरतंय. हेडसरांना संशय आलाय, त्यांनी नव्या सरांच्या कानात घातलंय, आणि सरांनी पोरांना पाळतीवर ठेवलंय. हेडसर समोरून हसत आले तरी त्यांना ते हसणं कुत्सित वाटू लागलं. दोघे व्हरांड्यात बोलताना दिसले की त्या लांबूनच ओठांकडे डोळे लावायच्या. "चहा" एवढंच कळायचं, आणि तेवढ्यावरून बाई स्वर्ग गाठायच्या.

शेवटी त्यांनी सरांना जिन्यातच गाठलं. "सर, स्पष्ट विचारते. पोरांना माझ्या मागावर कोणी लावलं?"

"मागावर?" सर गोंधळले. "अहो बाई, ती मलाही ताकास तूर लागू देत नाहीत. तुमच्या वर्गात काहीतरी विचित्र सापडलंय म्हणतात. शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगणार आहेत."

'विचित्र' हा शब्द बाईंनी ओठांवरून अचूक वाचला. त्या दिवशी पाढा संपला, मुलांनी तोच पुन्हा सुरू केला, तरी बाई खिडकीबाहेरच बघत होत्या.

शुक्रवारी सगळी चौथी बाईंच्या वर्गात जमली. हेडसर मागच्या बाकावर अंग चोरून बसले. बाई आपल्या खुर्चीत, त्या वर्तुळाच्या आत. उठून निघून जावंसं वाटत होतं, पण तसं केलं तर संशयाला पुरावाच मिळाला असता.

भिंगरीनं बाईंकडे तोंड करून सुरुवात केली. "या वर्गात सगळीकडे आवाज पोचतो. फक्त या खुर्चीपाशी पोचत नाही. आम्ही किती वेळा झाकण वाजवलं, बाईंनी बघितलंच नाही. आम्हाला वाटलं, मागच्या कपाटामुळे असेल."

बाईंच्या जिवात जीव आला. देवासारखं धावून आलं ते कपाट!

"मग सुट्टीत आम्ही सगळे आळीपाळीनं या खुर्चीत बसलो. सगळ्यांना ऐकू आलं. म्हणून रंग कोणता द्यायचा तेच ठरेना." एवढं बोलून भिंगरी नकाशाकडे वळली, आणि कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून आणखी काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ दिसले नाहीत. सगळे आपल्याकडे बघताहेत, एवढंच बाईंना दिसलं. "शाबास," त्या घाईनं म्हणाल्या, "बस खाली."

कोणीच हसलं नाही. नवे सर स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. हेडसर अर्धवट उठले. संपलं, बाईंना वाटलं.

भिंगरी मात्र बसली नाही. तिनं खडू घेतला आणि आपला प्रश्न फळ्यावर लिहिला: बाई, तुम्हाला ऐकू येतं का?

तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती आणि कीवही नव्हती. तिला नुसतं उत्तर हवं होतं. इतक्या वर्षांत इतकं सरळ कोणी विचारलंच नव्हतं, नवऱ्यानंही नाही. बाईंनी हळूच मान हलवली.

भिंगरीनं खाली लिहिलं: पूर्ण वाक्यात.

बाईंना हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्या उठून उभ्या राहिल्या. "मला..." आवाज चिरकला, पण त्यांनी वाक्य सोडलं नाही. "मला नीट ऐकू येत नाही."

हेडसर काय ठरवणार होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. भिंगरी पुढचा प्रश्न लिहूनही मोकळी झाली होती: मग आम्ही कुठे उभं राहून बोलायचं?

"डाव्या बाजूला बरं असावं," बाई म्हणाल्या. "मी कधी तपासलं नाही."

लगेच पळापळ झाली. कोणी दोरी आणली, कोणी झाकण. बाई पुन्हा वर्तुळातल्या खुर्चीत बसल्या, आणि सगळ्यांच्या ओठांवर पहारा देणारे आपले डोळे त्यांनी मिटून घेतले.

"वाजवा," त्या म्हणाल्या.