थोरल्या जावेची शेंगोळी

कोरोनानंतर विश्रामबागेतल्या कॉलेजसमोर आम्ही पावभाजीची गाडी पुन्हा लावली, पण गिऱ्हाईक फिरकेना. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा पगार निम्म्यावर आलेला. पूर्वी तव्यावर बटर पडलं की माणसं वासानं वळायची; आता वास घेऊन पुढे जायची.

त्याच महिन्यात माझ्या थोरल्या जावेनं, आक्कानं, घराच्या पायरीवर शेंगोळी विकायला काढली. हुलग्याच्या पिठाच्या हातानं वळलेल्या वळ्या, लसूण, तिखट आणि पातेलंभर पाणी. मी मनातल्या मनात हसले. आठवड्यात तिच्या दारात रांग लागली. बँकेतले, रिक्षावाले, खोल्या घेऊन राहिलेली पोरं. वाफाळते वाडगे घेऊन भिंतीला टेकून खायची. "काकू, आईची आठवण झाली," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाची आग व्हायची. माझ्या पावभाजीनं कुणाला आई आठवली नव्हती.

एकदा रांगेतल्या बाईला मी मुद्दाम म्हणाले, "हुलगं आमच्यात बैलाला घालत्यात." बाई ओशाळली. जावेनं ऐकलं आणि त्या बाईचा वाडगा काठोकाठ भरला. त्याचाच मला जास्त राग आला.

मग मीही गाडीवर शेंगोळी केली. ती पाण्यात विरघळून गेली. नवरा म्हणाला, "आक्काला इचार की." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्या स्वयंपाकघरात गेले.

"पाणी खळाखळा उकळू दे, मग सोड," ती म्हणाली. "आन् मूठभर गव्हाचं पीठ घाल. बस, माझ्यासंगं वळ."

तिनं नाही म्हणायला हवं होतं. निदान रागवायला तरी कारण मिळालं असतं.

माझी शेंगोळी जमली. पुढे थोरली जाऊ तापानं आजारी पडली, तशी तिची गिऱ्हाइकं माझ्या गाडीवर आली. चाटूनपुसून खायची आणि विचारायची, "आक्का कधी उठणार?" ती उठून बसली, भाकरी खाल्ली, त्या दिवशीही मी सांगितलं, "काय माहीत, अजून लय अशक्तपणा हाय." पुढचे चार दिवस हेच सांगत राहिले. पाचव्या दिवशी तिनं स्वतःच पायरीवर पातेलं आणून ठेवलं. दुपारपर्यंत माझ्या गाडीपुढे दोघंच उरले होते, आणि त्यातला एक पत्ता विचारायला थांबला होता.