आफिया मॅडमच्या नावाने

आफिया मुकादम मूळच्या दाभोळच्या. नवरा कुवेतच्या शुऐबा बंदरात कामाला, आणि त्या तिथल्याच एका भारतीय शाळेत एकोणीस वर्षं आठवीला इंग्रजी शिकवत होत्या. चार तुकड्या, दीडशेच्या वर मुलं. निबंध तपासून मान आखडायची. दोन वर्षांपूर्वी शाळेने एआय आणलं तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं वाटलं ते त्यांनाच. मुलं टॅबवर निबंध लिहायची, एआय चुका दाखवायचं आणि खाली शेरा लिहायचं. शेऱ्याखाली नाव आफिया मॅडमचं. त्यांनी फक्त वाचून बटण दाबायचं. हळूहळू वाचणंही सुटलं.

गेल्या नोव्हेंबरात मधल्या सुट्टीत क्षितिजा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. अबोल मुलगी, मागच्या बाकावरची.

“मॅम, नचिकेत,” ती म्हणाली.

आफिया घाईघाईने चहा संपवत होत्या. “कोण नचिकेत? काय केलं त्याने?”

मुलगी “नथिंग, मॅम,” म्हणाली आणि गेली.

मार्चमध्ये तिची आई मंदा शाळेचा दाखला न्यायला आली. कुटुंब कायमचं पुण्याला चाललं होतं. निघताना तिने आफियांचा हात धरला.

“आमचा धाकटा, नचिकेत, गेल्यापासून घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. ह्यांना सोसवत नाही. तुम्ही मात्र पोरीला विचारलंत, मॅडम. तुमचा शेरा तिने कागदावर उतरवून उशीखाली ठेवला होता.”

मंदा गेल्यावर आफियांनी कॉम्प्युटर उघडला. क्षितिजाचा ‘माझं घर’ हा निबंध. त्यात भावाचे बूट होते, जेवणाच्या टेबलावरची त्याची खुर्ची होती, नाव कुठेच नव्हतं. खाली शेरा होता: ‘तुझ्या भावाचं नाव तू लिहिलं नाहीस. मला येऊन सांग. मी ऐकेन.’

त्यांनी पुढच्या आठवड्यात पुण्याला फोन केला. खरं काय ते सांगून माफी मागितली. “इट्स ओके, मॅम,” क्षितिजा म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

मग आफियांनी जुने शेरे शोधायला घेतले. ‘मला येऊन सांग’ हे वाक्य एक्केचाळीस मुलांच्या निबंधांखाली निघालं. सुपरवायझर लुबना मॅडम म्हणाल्या, “पालकांना आवडतात असे शेरे. कशाला उकरून काढता?”

आफिया आता प्रत्येक निबंध स्वतः वाचतात. यादीतली जी मुलं अजून शाळेत आहेत, त्यांना एकेक करून बोलावतात. बहुतेकांना शेरा आठवतही नाही.

हिबाला आठवत होता. “मी आले होते, मॅम,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, नंतर ये.”

“काय सांगायचं होतं तुला?”

“आता काही नाही.”

तो दिवस आफियांना कितीही केलं तरी आठवेना.