दोरीच्या पल्याड

नागपुरातल्या धंतोलीच्या त्या दवाखान्यात श्रावणच्या खाटेभोवती हिरवा पडदा होता. आता महिना होऊन गेला, तरी कुणाच्या खिडकीला तसला हिरवा कपडा दिसला की मी मान वळवतो. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. नर्सबाई नुकतीच पडदा ओढून गेली होती आणि मी बाहेर चपला काढत होतो. आतून आवाज आला, "पल्याड कोनी हाय का?" आवाज कसला, नुसती हवा... छातीच्या दुखण्यानं त्याच्यात काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, "हाय ना गा. मी हाय, रघू." पडदा सारून आत गेलो, तर तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो दुसऱ्या बाजूला, भिंतीकडच्या पडद्याकडे टक लावून होता. तिकडे दारही नव्हतं. त्यानं प्रश्न त्या बाजूला विचारला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा धाकटा भाऊ दवाखान्यातून सायकलवरून आला. सायकल भिंतीला टेकवायचंही त्याला सुचलं नाही. ती आडवी पडली, चाक फिरत राहिलं, आणि तो दारात नुसता उभा. मी चपला पायात सरकवल्या.

श्रावणचा हा प्रश्न अर्ध्या इतवारीला माहीत होता. कुठलंही दार, कुठलाही पडदा, वाळत घातलेलं लुगडं जरी आडवं आलं तरी तो थांबायचा, "पल्याड कोनी हाय का?" म्हणायचा, आणि उत्तर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही. लोकांनी त्याचं नावच 'पल्याडवाला' ठेवलं होतं. परवा शोकसभेतही एका गृहस्थांनी हा किस्सा रंगवून सांगितला, लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मला हसू आलं नाही. तो प्रश्न कुठून आला हे आता या गावात फक्त मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

तो विणकराच्या घरचा, मी तेल्याच्या. आमची घरं एकाच बोळाच्या दोन तोंडांना. ज्यांनी विणकरांचा बोळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागावर चढवायच्या आधी लुगड्याचे उभे धागे बोळात ताणून, खळ लावून वाळवतात. त्याला ताणा म्हणतात. सकाळी ताणा लागला की या ओट्यावरून त्या ओट्यावर जायची वाट बंद. मग जायचं कसं? ओलांडायचा नाही, हे पहिलं. कितीही खाली असला तरी ताण्यावरून पाय टाकायचा नाही. ते अन्न आहे. बोटं लावायची, कपाळाला लावायची, आणि खालून वाकून जायचं. लहानपणी मी एकदा ओलांडला, तर मी तेल्याचा असूनही श्रावणच्या मायनं माझा कान असा पिळला होता की घरी जाऊन मी तेलच लावून घेतलं.

मी जन्माचा भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागे तर त्याचं अख्खं कुटुंब लागलेलं. श्रावण बिनधास्त. विहिरीत उलटी उडी मारणारा, मोकाट सांडाच्या पाठीवर थाप मारून पुढे जाणारा. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, कळमेश्वरच्या बाजूला एका गावात विहीर खोदायचं शिबिर होतं, आणि त्यात काही परदेशी तरुण श्रमदानाला आले होते. त्यांच्यातल्या एकानं तिथे खोदायला गेलेल्या श्रावणचं काम पाहून त्याला आपल्याकडे बोलावलं. इटलीच्या उत्तरेला डोंगरात एक शेतकऱ्यांची वसाहत होती. दुसऱ्या महायुद्धात तिथले पुरुष गेले होते, उरलेल्या बायाबापड्यांनी आणि म्हाताऱ्यांनी जमीन, गाई, चूल सगळं एकत्र केलं होतं, आणि उन्हाळ्यात गवत कापायला माणूस पुरत नव्हता. जाण्यायेण्याची सोय शिबिरवाले करणार होते. श्रावण म्हणाला, "रघू येत असन तरच जातो." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या मायनं माझा हात धरला. "तू जाय गा बाप्पा. याले भेवच वाटत नाही. दोघांत एक तरी भेनारा पायजे."

तर भिणारा म्हणून माझी नेमणूक झाली, आणि ती मी बोटीवर पाय ठेवल्यापासून इमानदारीनं पार पाडली. सीताबर्डीच्या किल्ल्याच्या टेकडीपेक्षा उंच काही मी पाहिलं नव्हतं. तिथे घरंच डोंगराच्या पोटाला चिकटलेली. गवताची शेतं इतकी उभी की नीट उभं राहिलं तर समोरचं गवत नाकाला लागे. बायका कमरेला दोर बांधून, लांब दांड्याच्या विळ्यानं कापत कापत उतरत. मी दिवसभर बसून बसून सरकायचो आणि रात्री पडल्या पडल्या खाट घट्ट धरून झोपायचो. श्रावण मात्र दुसऱ्या दिवसापासून भारे पाठीवर घेऊन त्या वाटांवर गुणगुणत चालायला लागला. वसाहतीचा कारभार पाहणारी मार्ता म्हणून विधवा बाई होती, रुंद हाडाची, आवाज असा की खालच्या दरीतली गाय मान वर करायची. तिला श्रावण फार आवडला. आम्ही तिला मार्ताबाई म्हणायचो, तीही ओ द्यायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं आम्हाला एक जागा दाखवली. जंगलाच्या कडेनं जाणारी एक वाट होती, आणि तिच्यावर आडवी, छातीला लागेल इतक्या उंचीवर, एक दोरी ताणून बांधली होती. मार्ताबाईला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला तिची भाषा. तिनं दोरीकडे बोट दाखवलं, तिच्यावरून पाय टाकल्यासारखा पाय उचलला, आणि जोरजोरात मान हलवली. नाही! पुन्हा पाय उचलला. नाही, नाही! श्रावणचा चेहरा खुलला. त्यानं दोरीला बोटं लावली, कपाळाला लावली. मार्ताबाईनं समाधानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. परत येताना तो मला म्हणाला, "पाय गा, किती दूर आलो आपन. पन हे तं आपल्यासारखेच लोक निंघाले. दोरी वलांडू देत नाहीत." मलाही बरं वाटलं. या अनोळखी डोंगरात काहीतरी ओळखीचं सापडलं, असं मी त्या दिवशी घरी कळवलंसुद्धा.

एका दुपारी दरीतून धुकं वर आलं. आपल्याकडचं सकाळचं धुकं नव्हे. हे पिंजलेल्या कापसासारखं, पाच पावलांपलीकडचं काही दिसू नये असं. आम्ही दोघं भारे घेऊन परतत होतो. कुठूनतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती, आणि सकाळपासून वसाहतीची एक शेळी हरवली होती. श्रावणनं भारा खाली टाकला. "घेऊन येतो," म्हणाला. मी म्हणालो, "राहू दे ना गा, नंतर पाहू." तो पुढे गेला. मी त्याच्या मागे चार पावलं असेन, तेवढ्यात मला ती दोरी दिसली, आणि दोरीपाशी तो. त्यानं बोटं लावली, कपाळाला लावली. वाकला. खालून पलीकडे गेला. धुक्यानं त्याला गिळलं.

मग दगड घरंगळल्याचा आवाज. बराच वेळ... एक दगड थांबला की दुसरा. आणि मग तो आवाजही बंद. शेळीची घंटा तशीच वाजत होती, ती भलतीकडेच होती. तेव्हा खालून, अगदी जवळून की फार दुरून तेही कळू नये असा, त्याचा आवाज आला, "पल्याड कोनी हाय का?" श्रावणचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बोळातल्या कुणीच ऐकला नव्हता.

"हाय! मी हाय!" मी ओरडलो. "कुठं हायेस गा?"

"माहीत नाही. पायाखाली थोडीशी जागा हाय. घसरलो अन् फिरलो... कोनत्या बाजूनं आलो थेच समजून नाही राहिलं. रघू, बोलत राय. बोलनं बंद केलं तं मले वाटन डोंगर त्या बाजूले हाय अन् मी तिकडेच पाय टाकीन."

मी दोरीला दोन्ही हातांनी धरून बसलो आणि बोलत सुटलो. काय बोलावं? देव आठवेना, श्लोक आठवेना. मी बोळाबद्दल बोललो. आता तुझी माय ओट्यावर बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरून राहिली असन. रहाटाचा आवाज येऊन राहिला. तुझ्या बापानं ताणा लावला, कुत्रा खालून गेला, बाप ओरडला. आमच्या घाण्याचा बैल फिरून राहिला. मध्येच मदतीसाठी हाका मारायचो, पुन्हा बोळात यायचो. दम घ्यायला क्षणभर थांबलो की खालून लगेच, "गेला का गा? रघू, गेला का?" मी कुठं जाणार होतो! माझे पायच हलत नव्हते. आयुष्यभर माझ्या भित्रेपणाची थट्टा झाली, पण त्या दिवशी त्यानंच मला तिथे खिळवून ठेवलं.

हाका ऐकून मार्ताबाई धावत आली. तिनं दोरी पाहिली, मला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं माणसांना वरच्या बाजूनं दोर घेऊन पाठवलं आणि मला हातानं खूण केली, बोलत राहा. घसा बसला तरी मी बोलत राहिलो. त्यांनी त्याला वर ओढला तेव्हा अंधारून आलं होतं. त्यानं दगडाला इतकं घट्ट धरलं होतं की त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख झालं, आणि तो हट्टानं ती जागा पाहायला गेला. मी नको म्हणत होतो. दोरीच्या पलीकडे काही पावलांवर वाट संपलेली होती. हिवाळ्यात दरड कोसळून तिचा तुकडाच खाली गेला होता. एका अरुंद कपारीवर तो उभा राहिला होता, आणि तिच्याखाली... नदी दिसत होती, पण तिचा आवाज वर पोचत नव्हता. मार्ताबाई रडत रडत त्याच्यावर रागावली. पुन्हा तसाच पाय उचलून दाखवला, मान हलवली. श्रावण तिला मराठीतच म्हणाला, जसा मायला म्हणाला असता, "वलांडली नाही ना वं मी. खालून गेलो." मी मोडक्यातोडक्या खुणांनी तिला ताणा समजावला. तिला तो केव्हा समजला ते मला कळलं, कारण ती बोलता बोलता एकदम मटकन खाली बसली. संध्याकाळी तिनं त्या दोरीखाली जमिनीपर्यंत आडव्या फळ्या ठोकून घेतल्या.

लोक म्हणतात, मरणाच्या दारातून आलेला माणूस निर्भय होतो. खोटं आहे. श्रावणच्या आत ती कपार कायमची राहिली. आम्ही नागपुरात परतलो त्या सकाळी त्याच्याच दारापुढे ताणा लागलेला होता. पलीकडे माय, अलीकडे हा, महिनोन्महिन्यांनी आलेला मुलगा. बोळ गोळा झालेला. त्यानं बोटं कपाळाला लावली, वाकला, आणि तसाच थांबला. कपाळावर घाम आला. ज्या धाग्यांखालून तो जन्मभर गेला त्यांच्याखालून त्याला जाववेना. लोकांना वाटलं, भावना दाटून आल्या. मला माहीत होतं काय दाटून आलं ते. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "पल्याड कोनी हाय का?" बोळ खो खो हसला. माय हसली नाही. ती म्हणाली, "हाय ना गा. मी हाय. ये वाकून."

आणि मग ते रोजचंच झालं. तो विचारायचा, ती ओट्यावरून कांडी भरता भरता उत्तर द्यायची. एकदा तिनं मला बाजूला घेतलं. "काय झालं होतं गा तिथं? काहून असा करते हा?" श्रावणनं मला कुणाला न सांगायची शपथ घातली होती. मी म्हणालो, "काही नाही मावशी, डोंगरात धुकं लय रायते, तिथली सवय हाय." तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तिचं उत्तर कधी उशिरा आलं नाही.

दवाखान्यात त्या दुपारी भिंतीकडच्या पडद्याला प्रश्न विचारून झाल्यावर तो मला म्हणाला, "रघू, त्या बाजूनं कोनी बोलून नाही राहिलं." त्याच्या डोळ्यांत तेच भय होतं जे मी त्या धुक्यात पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. त्या बाजूचं मला तरी काय माहीत? त्याचा हात धरला आणि म्हणालो, "तिकडे नको पाहू. मी या बाजूले हाय. तुझी माय कांड्या भरून राहिली... ताणा लागला... कुत्रा खालून गेला..." त्याचा डोळा लागेपर्यंत बोलत राहिलो. या वेळी वरून दोर घेऊन कुणी येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नर्सबाईनं वेळ संपली म्हणून मला उठवलं. तेव्हापासून मला एकच भीती खाते आहे, की पुढे त्याला जाग आली असेल, त्यानं विचारलं असेल, आणि अलीकडूनही कुणी बोललं नसेल.

तो गेल्यावर पहिल्यांदाच, गेल्या आठवड्यात, त्याच्या घरी गेलो. धाकट्यानं पुन्हा काम सुरू केलं आहे, दारापुढे ताणा होता. खळीचा ओला वास येत होता. मी बोटं लावली, कपाळाला लावली, वाकलो... आणि मला पुढे जाता येईना. पाचावर धारण बसली. इतक्या वर्षांत त्याला काय वाटत होतं ते मला त्या धाग्यांखाली पहिल्यांदा कळलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पल्याड कोनी हाय का?"

ओट्यावरचा रहाट फिरत होता. तो न थांबताच श्रावणच्या म्हाताऱ्या मायचा आवाज आला, "हाय ना गा. मी हाय. ये वाकून."

मग रहाट थांबला. मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. हातातली कांडी तिनं पदराला पुसली, उगीचच. मग म्हणाली, "रघू, तू रोज इचारत जाय गा."